एकाच वेळी अनेक देशांच्या बाजारपेठेत प्रवेश : मार्ग, नियम आणि अनुभव

एखादे उत्पादन किंवा सेवा परदेशात विकण्याचा निर्णय झाल्यानंतर प्रत्येक उद्योगासमोर एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. एका देशात पाय रोवून मगच दुसऱ्या देशाकडे वळायचे, की एकाच वेळी अनेक देशांत माल उतरवायचा? पहिल्या मार्गात वेळ जातो आणि एकाच ग्राहकदेशावर अवलंबून राहण्याचा धोका असतो. दुसऱ्या मार्गात भांडवल, मनुष्यबळ आणि लक्ष विभागले जाते. दोन्ही मार्गांनी यश मिळाल्याची आणि दोन्ही मार्गांत मोठे नुकसान झाल्याची उदाहरणे आहेत.

भारतीय निर्यातदारांना या प्रश्नाचे गांभीर्य २०२५ मध्ये विशेषत्वाने जाणवले. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावरील अतिरिक्त आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. तिरुपूरचे तयार कपडे, सुरतचे हिरे आणि आंध्र प्रदेशातील कोळंबी या व्यवसायांचा मोठा ग्राहक अमेरिका हाच असल्याने त्यांना याची झळ सर्वाधिक बसली. ज्यांचे ग्राहक अनेक देशांत विखुरलेले होते, त्यांना माल अन्यत्र वळवण्यास वाव होता. ज्यांची सारी विक्री एकाच देशात होती, त्यांच्या कारखान्यांतील पाळ्या आणि कामगारांचा रोजगार यांवर थेट परिणाम झाला. अनेक बाजारपेठांत प्रवेश करण्याचे मार्ग, त्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय करार आणि प्रत्यक्ष अनुभव यांचा हा आढावा.

दोन प्रमुख मार्ग

व्यवस्थापनशास्त्रात या दोन मार्गांना पाण्याशी संबंधित नावे मिळाली आहेत. एका देशातून दुसऱ्या देशात, तेथून तिसऱ्या देशात असे पायरीपायरीने उतरत जाणे म्हणजे धबधबा पद्धती. एकाच वेळी सर्व दिशांना फवारा उडवावा त्याप्रमाणे अनेक देशांत प्रवेश करणे म्हणजे तुषार पद्धती. श्लोमो कलिश, विजय महाजन आणि आयटन म्युलर या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन पद्धतींची गणिती मांडणी करून तुलना केली आणि तेव्हापासून ही नावे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

धबधबा पद्धतीमागील विचार त्याहून जुना आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९६६ मध्ये उत्पादनाच्या जीवनचक्राचा सिद्धांत मांडला. नवे उत्पादन प्रथम श्रीमंत देशात जन्म घेते, मग इतर विकसित देशांत जाते आणि अखेरीस विकसनशील देशांत पोहोचते, असे त्याचे सूत्र होते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या यान योहानसन आणि यान-एरिक वालने यांनी १९७७ मध्ये स्वीडिश कंपन्यांच्या अनुभवावरून असे प्रतिपादन केले, की कंपन्या आधी भाषा, चालीरीती आणि व्यवहारपद्धती यांबाबत जवळच्या वाटणाऱ्या देशांत जातात. तेथे अनुभव गाठीशी आल्यावर त्या दूरच्या देशांकडे वळतात. या जवळिकीच्या अभावाला त्यांनी मानसिक अंतर असे संबोधले.

दळणवळण आणि माहितीचा वेग वाढला तसा हा क्रम ढिला पडू लागला. एका देशात आलेल्या नव्या वस्तूची माहिती काही तासांत जगभर पोहोचते. मूळ कंपनी येण्यापूर्वीच नक्कल करणारे अन्य देशांत पोहोचतात. जिलेट कंपनीने १९९० च्या जानेवारीत सेन्सर हा दाढीचा वस्तरा उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपात एकाच वेळी, जवळजवळ सारख्याच जाहिरातींसह बाजारात आणला. चित्रपट व्यवसायात चोरट्या प्रतींचे संकट हे या बदलाचे मुख्य कारण ठरले. ५ नोव्हेंबर २००३ रोजी 'द मेट्रिक्स रिव्हॉल्युशन्स' हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये सकाळी, लंडनमध्ये दुपारी आणि टोकियोत रात्री, परंतु एकाच क्षणी प्रदर्शित करण्यात आला. ॲपलचा पहिला आयफोन जून २००७ मध्ये केवळ अमेरिकेत आला आणि युरोपातील प्रमुख देशांत पोहोचण्यास त्याला नोव्हेंबर उजाडला. पुढील प्रारूप मात्र जुलै २००८ मध्ये सुमारे वीस देशांत एकत्रितपणे दाखल झाले. भारतात ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले.

निवडीचे निकष

कोणता मार्ग केव्हा योग्य ठरतो, याविषयी इगल अयाल आणि जेहिएल झिफ यांनी १९७९ मध्ये मांडलेले निकष आजही आधारभूत मानले जातात. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिला निकष स्पर्धेचा. प्रतिस्पर्धी अल्पकाळात नक्कल करू शकत असेल, तर अनेक देशांत एकदम जाणे हिताचे ठरते. तंत्रज्ञान संरक्षित असेल आणि स्पर्धक दुर्बळ असतील, तर सावकाश जाता येते.

दुसरा निकष मागणीच्या वाढीचा आणि स्थैर्याचा. एकाच देशातील मागणी वेगाने वाढत असेल, तर तेथेच अधिक गुंतवणूक करणे लाभाचे असते. प्रत्येक देशातील वाढ मंद असेल किंवा मागणी अस्थिर असेल, तर धोका विभागण्यासाठी अनेक देश निवडावे लागतात.

तिसरा निकष उत्पादनातील फेरबदलांचा. प्रत्येक देशासाठी वस्तू, वेष्टन आणि जाहिरात वेगळी करावी लागत असेल, तर प्रत्येक नव्या देशाबरोबर खर्चाची नवी रक्कम उभी राहते. सुट्या यंत्रभागांसारख्या वस्तू आराखड्याप्रमाणे सर्वत्र सारख्याच जातात. घरगुती विद्युत उपकरणांचे तसे नाही. भारतात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट दाबाचा वीजपुरवठा असतो. प्लगचे आकारही निराळे असतात.

चौथा निकष वितरणाचा. स्वतःची गोदामे, दुरुस्ती केंद्रे आणि विक्रेत्यांचे जाळे लागणाऱ्या व्यवसायात एका देशातील उलाढाल मोठी झाल्याशिवाय खर्च निघत नाही. असा व्यवसाय अनेक देशांत थोडा थोडा पसरल्यास सर्वत्र तोट्यात जाण्याची शक्यता असते.

पाचवा निकष प्रभावाच्या प्रसाराचा. एका देशातील नावलौकिक, मान्यता किंवा जाहिरात यांचा लाभ शेजारच्या देशांतही मिळत असेल, तर ते देश एकत्र घेणे स्वस्त पडते.

कलिश, महाजन आणि म्युलर यांच्या अभ्यासाने यात आणखी स्पष्टता आणली. उत्पादनाचे आयुष्य दीर्घ, परदेशी बाजार लहान व संथ, प्रवेशाचा ठोक खर्च मोठा आणि स्पर्धक दुर्बळ असल्यास धबधबा पद्धती योग्य ठरते. याउलट परिस्थितीत तुषार पद्धती सरस ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता.

औषधनिर्मिती क्षेत्रात याखेरीज एक वेगळाच विचार करावा लागतो. अनेक युरोपीय देश औषधाची किंमत ठरवताना अन्य देशांतील किंमत प्रमाण मानतात. अशा स्थितीत कमी किमतीच्या देशात औषध आधी आणल्यास ती किंमत इतर देशांत दाखवली जाते. त्यामुळे कंपन्या प्रवेशाचा क्रम काळजीपूर्वक ठरवतात आणि कमी किमतीच्या देशांतील रुग्णांना नवे औषध उशिरा मिळते. प्रवेशाच्या क्रमाचा परिणाम कंपनीच्या ताळेबंदापुरता मर्यादित राहत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

नेटफ्लिक्सचा अनुभव

या दोन्ही पद्धतींचा एकत्रित वापर नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीने केलेला दिसतो. कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये प्रथम शेजारच्या कॅनडात इंटरनेटद्वारे चित्रपट दाखवण्याची सेवा सुरू केली. २०११ मध्ये लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन भागातील ४३ देश, २०१२ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातील देश, २०१३ मध्ये नेदरलँड्स, २०१४ मध्ये जर्मनी आणि फ्रान्ससह अन्य युरोपीय देश, तर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपान असा तिचा क्रम होता. येथवर ही धबधबा पद्धती होती.

६ जानेवारी २०१६ रोजी लास व्हेगास येथील इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात कंपनीचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी रीड हेस्टिंग्ज यांनी भारतासह आणखी १३० देशांत सेवा सुरू झाल्याची घोषणा केली. चीन, उत्तर कोरिया, सीरिया आणि क्रायमिया वगळता जवळजवळ सर्व जगात कंपनी एका दिवसात पोहोचली. त्याच वेळी अरबी, कोरियन आणि चिनी लिपीच्या दोन प्रकारांची भर घालून सेवेतील भाषांची संख्या २१ करण्यात आली.

मात्र उपलब्ध होणे आणि रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भारतातील अनुभवाने दाखवून दिले. प्रारंभी किमान मासिक वर्गणी ५०० रुपये होती, हिंदी कार्यक्रम मोजके होते आणि देशातील बहुसंख्य प्रेक्षक भ्रमणध्वनीवर चित्रपट पाहत होते. कंपनीने पुढे भारतीय निर्मात्यांकडून कार्यक्रम तयार करवून घेतले, जुलै २०१९ मध्ये केवळ भ्रमणध्वनीसाठी १९९ रुपयांची योजना आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा दर १४९ रुपयांपर्यंत खाली आणला. प्रवेश एका दिवसात झाला. स्थानिक गरजेनुसार भाषा, दर आणि आशय बदलण्यास मात्र पुढील अनेक वर्षे द्यावी लागली.

लस : परवान्याद्वारे प्रवेश

परदेशात जाण्याचा प्रत्येक प्रकार स्वतःच्या कारखान्यातूनच होतो असे नाही. थेट निर्यात, स्थानिक वितरक, उत्पादनाचा परवाना, फ्रँचायझी, संयुक्त उपक्रम आणि पूर्ण मालकीची उपकंपनी असे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. या क्रमाने नियंत्रण वाढते आणि त्याबरोबर गुंतवणूक व जोखीमही सामान्यतः वाढत जाते. अल्पावधीत अनेक देशांत पोहोचण्याची निकड असते तेव्हा परवान्याचा मार्ग उपयुक्त ठरतो.

ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांनी कोविड प्रतिबंधक लशीसाठी हाच मार्ग निवडला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट, ब्राझीलची फिओक्रूझ, दक्षिण कोरियाची एसके बायोसायन्स आणि ऑस्ट्रेलियाची सीएसएल या संस्थांना उत्पादनाचे काम देण्यात आले. अल्प आणि मध्यम उत्पन्न असलेल्या देशांसाठी १०० कोटी मात्रा पुरवण्याचा सीरमशी झालेला करार जून २०२० मध्ये जाहीर झाला.

भारतात ३ जानेवारी २०२१ रोजी कोविशील्डच्या आपत्कालीन वापरास मंजुरी मिळाली. २० जानेवारीपासून भूतान आणि मालदीवला मात्रा पाठवण्यास आरंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी या लशीला आपत्कालीन वापराच्या यादीत स्थान दिले आणि नऊच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, कोव्हॅक्स उपक्रमांतर्गत पुण्यात तयार झालेल्या ६ लाख मात्रा घानाची राजधानी आक्रा येथे उतरल्या. कोव्हॅक्समधून होणारा पुरवठा जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेवर अवलंबून होता आणि अनेक लहान देशांच्या औषध नियंत्रकांनीही त्याच मान्यतेचा आधार घेतला. त्यामुळे एका संस्थेची एक मान्यता अनेक देशांची दारे एकाच वेळी उघडणारी ठरली. सीरमची मेनॅफ्रिव्हॅक ही मेंदुज्वरावरील लस याच मार्गाने २०१० मध्ये आफ्रिकेत पोहोचली होती. बुर्किना फासो, माली आणि नायजर या देशांत तिचा प्रारंभ झाला.

याच उदाहरणात तुषार पद्धतीचा कच्चा दुवाही दिसून येतो. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये भारतात साथीची दुसरी लाट तीव्र झाली, देशांतर्गत गरजेला प्राधान्य देण्यात आले आणि लशीची निर्यात थांबली. कोव्हॅक्सवर विसंबून असलेल्या अनेक देशांतील दुसऱ्या मात्रेचे वेळापत्रक कोलमडले. निर्यात त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कोव्हॅक्ससाठी पुन्हा सुरू झाली. ग्राहक अनेक देशांत असले तरी पुरवठा मुख्यतः एकाच ठिकाणाहून होत असेल, तर जोखीम विभागली जात नाही. ती केवळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते.

एकच फळ, तीन नियम

कृषी मालाच्या निर्यातीत प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो. हापूस आंब्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्यावरील बंदी उठवली, परंतु फळमाशीच्या बंदोबस्तासाठी बाष्प उष्णता प्रक्रियेची अट घातली. अमेरिकेने २००७ मध्ये आयातीस अनुमती दिली. तेथे पाठवायच्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' केंद्रात ही प्रक्रिया सुरू झाली. युरोपसाठी उष्ण जलप्रक्रियेचा वापर केला जातो. फळ एकच असले तरी तीन बाजारांसाठी तीन प्रकारची यंत्रणा आणि तीन प्रकारची तपासणी लागते.

यांपैकी कोणतेही दार केव्हाही बंद होऊ शकते. भारतीय मालात फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, आंबा आणि चार भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्यात आली. कोविडच्या काळात अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ न शकल्याने अमेरिकेला होणारी आंब्याची निर्यात थांबली आणि ती २०२२ मध्ये पूर्ववत झाली.

द्राक्ष उत्पादकांचा अनुभवही बोधप्रद आहे. कृषी व प्रक्रियायुक्त खाद्य उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजेच अपेडा, या संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू केली. तिच्यामुळे परदेशातील दुकानात पोहोचलेल्या द्राक्षाच्या पेटीचा माग मूळ बागेपर्यंत काढता येतो. असे असूनही २०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे 'सीसीसी' हे वाढनियंत्रक, मर्यादेपेक्षा अधिक प्रमाणात आढळले. कंटेनर बंदरात अडकले आणि नाशिक परिसरातील निर्यातदार व बागायतदारांना मोठे नुकसान सोसावे लागले. त्यानंतर तपासणीच्या कार्यपद्धतीत सुधारणा करण्यात आली. एका बाजारात चालणारी बाब दुसऱ्या बाजारात संपूर्ण माल नाकारण्यास पुरेशी ठरते. अनेक देशांसाठी माल तयार करताना सर्वांत कडक नियम पाळणाऱ्या देशाची मर्यादा सर्वांसाठी स्वीकारणे, हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय मानला जातो. त्यामुळे उत्पादनखर्च काही अंशी वाढतो, पण एका देशाने माल नाकारल्यास तो दुसरीकडे वळवता येतो.

नाव आणि शोध यांचे संरक्षण

ट्रेडमार्क आणि पेटंट यांचे हक्क देशागणिक मिळतात. भारतात नोंदवलेल्या नावाला परदेशात आपोआप संरक्षण मिळत नाही. चीनसारख्या अनेक देशांत प्रथम नोंदणी करणाऱ्यास हक्क मिळतो. त्यामुळे मूळ मालकाच्या आधी अन्य कोणी ते नाव नोंदवण्याची भीती असते. अनेक देशांत जाण्याचा विचार असलेल्या उद्योगाने माल पाठवण्यापूर्वीच हे काम पूर्ण करणे आवश्यक असते.

त्यासाठी तीन आंतरराष्ट्रीय व्यवस्था उपलब्ध आहेत. पहिली पॅरिस कराराची. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून या कराराचा सदस्य आहे. एका सदस्य देशात अर्ज केल्यानंतर पेटंटसाठी १२ महिने आणि ट्रेडमार्क व आरेखनासाठी ६ महिने मूळ अर्जाची तारीख अन्य सदस्य देशांतही ग्राह्य धरली जाते.

दुसरी व्यवस्था पेटंट सहकार्य कराराची. भारत याही कराराचा त्याच दिवसापासून सदस्य आहे. एका अर्जाद्वारे दीडशेहून अधिक देशांचा मार्ग खुला ठेवता येतो आणि कोणत्या देशांत प्रत्यक्ष पेटंट घ्यायचे, हे ठरवण्यास सामान्यतः ३० महिन्यांचा अवधी मिळतो. बाजाराचा अंदाज येईपर्यंत मोठा खर्च पुढे ढकलता येणे, हा त्याचा प्रमुख लाभ आहे.

तिसरी व्यवस्था ट्रेडमार्कसंबंधीच्या माद्रिद शिष्टाचाराची असून भारतात ती ८ जुलै २०१३ पासून लागू आहे. भारतातील मूळ अर्ज किंवा नोंदणीच्या आधारे एकाच अर्जात, एकाच भाषेत, सुमारे १३० देशांपैकी हव्या त्या देशांत संरक्षण मागता येते. मात्र पहिल्या पाच वर्षांत भारतातील मूळ नोंदणी रद्द झाली, तर तिच्यावर आधारित परदेशातील नोंदणीही कोसळते. अशा वेळी तीन महिन्यांच्या आत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करून मूळ तारीख टिकवता येते. त्यामुळे मायदेशातील नोंदणी भक्कम असणे ही पूर्वअट ठरते.

देशांचे गट आणि व्यापार करार

अनेक देशांत जाणे म्हणजे प्रत्येक देशासाठी संपूर्ण नवी तयारी करणे, असे नेहमीच नसते. समान नियम असलेले देश एकत्र घेतल्यास श्रम वाचतात. युरोपीय संघाच्या २७ देशांत एका देशात सीमाशुल्क भरून आलेला माल अन्य देशांत मुक्तपणे जाऊ शकतो. यंत्रे, खेळणी आणि विद्युत उपकरणे अशा अनेक उत्पादनांना लागणारे सीई चिन्ह युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ३० देशांत ग्राह्य असते. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी २००३ पासून सीमाशुल्क संघ स्थापन केला आहे. दुबईनजीकच्या जबल अली मुक्त क्षेत्रात माल साठवून तेथून आखाती आणि आफ्रिकी देशांत तो लहान लहान खेपांनी पाठवण्याची पद्धत भारतीय व्यापाऱ्यांत रूढ आहे.

भारताने अलीकडे केलेल्या व्यापार करारांमुळेही बाजारांची निवड बदलत आहे. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून, तर स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन यांच्या संघटनेशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. शुल्कसवलत मिळवण्यासाठी माल भारतातच तयार झाल्याचे, म्हणजे मूळ देशाचे, प्रमाणपत्र सादर करावे लागते. परदेशी कच्चा माल ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक असल्यास ही सवलत नाकारली जाऊ शकते.

पैसा, चलन आणि विमा

देशांची संख्या वाढली की येणे रकमांची संख्याही वाढते आणि प्रत्येक रकमेला दोन धोके असतात. ग्राहक पैसे न देण्याचा एक आणि चलनाचे मूल्य घसरण्याचा दुसरा. पहिल्या धोक्यासाठी बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटचा आणि निर्यात पतविम्याचा आधार घेतला जातो. १९५७ मध्ये स्थापन झालेली, आजची ईसीजीसी ही केंद्र सरकारची संस्था ग्राहकाचे दिवाळे, त्या देशातील युद्ध किंवा तेथील सरकारने घातलेले निर्बंध यांमुळे बुडणाऱ्या रकमेचा विमा उतरवते. देशागणिक जोखमीची तिची वर्गवारी नव्या निर्यातदारास प्राथमिक मार्गदर्शक ठरू शकते. एक्झिम बँक १९८२ पासून दीर्घ मुदतीचा वित्तपुरवठा करीत आहे.

चलनाच्या धोक्याचे ठळक उदाहरण नायजेरियाचे आहे. जून २०२३ मध्ये तेथील नायरा या चलनाचे मोठे अवमूल्यन झाले, आयात वस्तू महागल्या आणि बजाज ऑटोच्या दुचाकींच्या निर्यातीला मोठा फटका बसला. सत्तरहून अधिक देशांत पसरलेल्या या कंपनीला लॅटिन अमेरिकेतील वाढत्या मागणीने पुढे बराच आधार दिला. सर्व बाजारपेठा एकाच वेळी मंदावत नाहीत, हे अनेक देशांत असण्यामागील मुख्य कारण येथे स्पष्ट होते.

माघारीचे धडे

विस्ताराचा वेग क्षमतेपेक्षा अधिक झाल्यास माघार अटळ ठरते. उबर या प्रवासी वाहतूक कंपनीने अल्पावधीत अनेक खंडांत सेवा सुरू केली. त्यानंतर तिने २०१६ मध्ये चीनमधील व्यवसाय दीदी कंपनीला दिला, २०१७ मध्ये रशियातील व्यवसाय यांडेक्सबरोबर विलीन केला आणि २०१८ मध्ये आग्नेय आशियातील व्यवसाय ग्रॅबकडे सोपवला. बदल्यात तिला या कंपन्यांतील भागभांडवल मिळाले. भारताच्या ओला कंपनीने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये पाऊल ठेवले आणि एप्रिल २०२४ मध्ये तिन्ही देशांतील सेवा बंद केली. अमेरिकेच्या वॉलमार्टने १९९७ मध्ये जर्मनीत आणि १९९८ मध्ये दक्षिण कोरियात प्रवेश केला. २००६ मध्ये तिला या दोन्ही देशांतून बाहेर पडावे लागले.

या उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. प्रवासी वाहतूक आणि किरकोळ विक्री हे व्यवसाय शहरागणिक वेगळे असतात. स्थानिक नियम, स्थानिक स्पर्धक आणि ग्राहकांच्या सवयी यांचा त्यांवर मोठा प्रभाव असतो. एका देशातील अनुभव दुसऱ्या देशात फारसा उपयोगी पडत नाही. अयाल आणि झिफ यांच्या निकषांनुसार असे व्यवसाय मोजक्या देशांत केंद्रित करावयाचे असतात.

लघुउद्योगांसाठी व्यवहार्य क्रम

मोठ्या कंपनीला चुकीची किंमत चुकवून पुन्हा उभे राहता येते. लहान कारखानदाराला एक अडकलेला कंटेनरही संकटात टाकू शकतो. त्यामुळे अशा उद्योगांसाठी दोन्ही पद्धतींचा मध्य साधणारा क्रम अधिक सुरक्षित ठरतो.

विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घेणे ही प्राथमिक बाब होय. त्यानंतर नियम समान असलेला देशांचा एक गट निवडावा. त्या गटाबाहेरचा, भिन्न चलन आणि भिन्न हंगाम असलेला आणखी एक देश सोबत घ्यावा, म्हणजे जोखीम विभागली जाते. नावाची नोंदणी माल पाठवण्यापूर्वी करावी. पहिल्या खेपा लहान ठेवाव्यात आणि विम्याशिवाय उधारीने माल देऊ नये. भाडे, विमा आणि जोखीम कोणत्या टप्प्यावर कोणाकडे जाते, हे इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील अकरा संज्ञांपैकी योग्य ती संज्ञा वापरून करारात नमूद करावे. वितरकाला सुरुवातीलाच दीर्घ मुदतीचे एकाधिकार देणे टाळावे, कारण काही देशांत असे करार मोडणे कायद्याने खर्चिक असते. कोणत्या देशातून किती मुदतीत किती विक्री न झाल्यास बाहेर पडायचे, याची मर्यादा प्रवेशाच्या वेळीच ठरवून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

किती देशांत पोहोचलो, यापेक्षा त्यांपैकी एक देश अचानक बंद झाल्यास उद्योग तग धरू शकेल काय, हा प्रश्न निर्यातदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. २०१० ची द्राक्षे, २०१४ चा आंबा, २०२१ ची लस आणि २०२५ चे आयात शुल्क या चारही प्रसंगांची कारणे भिन्न होती आणि त्यांपैकी एकही निर्यातदाराच्या नियंत्रणात पूर्णतः नव्हते. पर्यायी बाजारपेठेची तयारी मात्र त्याच्या हाती असते. ती संकट येण्यापूर्वी, जुना बाजार सुरळीत चालू असतानाच करावी लागते.